खोटं बोलणारे काटे

३ फेब्रुवारी

मामा,

आधी नमस्कार, मग तक्रार. नमस्कार तुला, तक्रार ट्रकची. फोनच केला असता, पण फोनवर तुला ऐकू येत नाही आणि मी ओरडून बोलले की गल्ली गोळा होते. तुझ्या बटणांच्या फोनवर मोठा मेसेज उघडत नाही. राहिलं पत्र. तेव्हा चष्मा लाव आणि शांतपणे वाच.

बाबांचा उजवा हात अजून ऐकत नाही. ट्रक चालवणं संपलं असं डॉक्टरांनी सांगितलं, त्या दिवसापासून ते भिंतीकडे तोंड करून पडून असायचे. मी म्हटलं, "ट्रक मी चालवते. तुम्हीच शिकवलंय, लायसन्सही आहे." हो नाही की नाही नाही. मग एका सकाळी उठले, आकाशी रंगाचा डबा मागवला आणि डाव्या हाताने केबिन रंगवायला बसले. आईने पाना धरून बोल्ट खोलायचे, बाबांनी रंगवायचं. दारं, पत्रे, डॅशबोर्ड, आतून-बाहेरून. तुला त्यांचा स्वभाव ठाऊक आहे. स्टुलाला रंग द्यायचा म्हणजे त्याच्या खालच्या बाजूलाही देणार. आई म्हणते, "औषधाने नाही उठले गं, त्या रंगाने उठले." केबिन इतकी सुरेख झालीय की आत चपला घालून बसायला मला लाज वाटते.

आता तक्रार. मला एक चांगलं काम मिळालंय. इथल्या रोपवाटिकेच्या मालकीणबाई आहेत, त्यांची रोपं घाटापलीकडच्या बागांना पोचवायची. पण ट्रक बाहेर काढल्यापासून काटे पिसाळलेत. तापमानाचा काटा लाल पट्ट्यात जाऊन बसतो. मी घाबरून गाडी बाजूला घेते, बॉनेट उघडते, तर वाफ नाही, काही नाही. रेडिएटर धुऊन घेतला, थर्मोस्टॅट नवीन बसवला, काटा तिथेच. आणि परवा तर कहर झाला. डिझेलचा काटा टाकी भरलेली दाखवत असताना डिझेल संपलं, तेही घाटात वळणावर. रोपं उन्हात कोमेजली. मालकीणबाई चांगल्या, रागावल्या नाहीत, पण पुन्हा असं झालं तर कोण ऐकून घेईल?

बाबांनी ऐकलं आणि निकाल दिला. "खोटं बोलणारी गाडी घेऊन माझी पोर घाटात जाणार नाही." भंगारवाल्याला निरोप धाडलाय, तो महिनाअखेरीस येतो म्हणालाय. गॅरेजवाला म्हणतो, जुनी गाडी आहे, सगळं वायरिंग उपटून टाका. ते वायरिंग तू केलेलं, म्हणून त्याला हात लावू दिला नाही.

मामा, मला हा ट्रक हवाय. दुसऱ्याच्या गाडीवर ड्रायव्हर म्हणून मला कोणी ठेवणार नाही, ठेवलं तरी मला जायचं नाही. काहीतरी सुचव.

तुझी भिंगरी


८ फेब्रुवारी

भिंगरी,

तुझं पत्र दोनदा वाचलं, कारण पहिल्यांदा वाचताना नुसता राग येत होता. रेडिएटर धुतला, थर्मोस्टॅट बदलला! दुखणं म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला. आणि तो गॅरेजवाला कोण उंटावरचा शहाणा? माझं वायरिंग उपटणार? त्या ट्रकच्या वायरी मी एकेक करून बांधल्यात. आजवर माझ्या एकाही जोडाला कुणाला बोट लावावं लागलेलं नाही. हे मी बढाई म्हणून सांगत नाही. बढाईच आहे, पण खरी आहे.

आता नीट ऐक. माणसं चुकतात तेव्हा एकेकटी चुकतात. दोन काटे एकदम, एकाच दिशेला चुकायला लागले, तर दोघांचा बिघडवणारा एकच असतो. त्या एकाला शोधायचं. बाकी काही विकत आणायचं नाही.

ऑइलच्या काट्याबद्दल तू एक अक्षर लिहिलं नाहीस. तो वायरीवर चालत नाही, इंजिनातून आलेल्या बारीक नळीवर चालतो. तो शहाण्यासारखा वागतोय का ते बघ. मग सकाळी इंजिन थंडगार असताना नुसती चावी फिरव, गाडी सुरू करू नकोस. तापमानाचा काटा तळाशी पडून राहायला हवा. तो वर चढला, तर इंजिन तापत नाही, काट्याला भास होतोय. त्यानंतर इंजिनावरच्या सेन्सरची हिरवी वायर काढून हातात धर. काटा खाली पडला तर तेवढी वायर निर्दोष. आणि टाकीतलं डिझेल आजपासून लाकडी काठीने मोजायचं. काठीला खोटं बोलता येत नाही.

दिवे लावल्यावर, वायपर चालवल्यावर काटे काय करतात तेही लिही. मला तिथे काही दिसत नाही, माझे डोळे तूच आहेस, तेव्हा "काटे पिसाळलेत" असलं मोघम लिहू नकोस.

दाजी, हे पत्र तुमच्यासमोर वाचलं जाणार हे मला माहीत आहे. माझं पत्र मोठ्याने वाचायची तुमच्या घरची रीत ताईने सुरू केली, कारण तिला माझं अक्षर लागत नाही. तर तुम्हाला हात जोडून सांगतो, भंगारवाल्याला जरा थोपवा. आणि केबिन छान झाल्याचं ऐकून फार बरं वाटलं. आकाशी रंग डोळ्यांना चांगला.

मामा


१३ फेब्रुवारी

मामा,

तुझं पत्र जेवणानंतर वाचलं. "बढाईच आहे, पण खरी आहे" इथे बाबा हसले. आजारपणानंतर त्यांचं असं हसणं आम्ही ऐकलंच नव्हतं. आई वाटी घासता घासता थांबली आणि मला म्हणाली, "तेवढं परत वाच." मी परत वाचलं. म्हणून आधी तुझे आभार, मग बाकीचं.

आता तुझे डोळे काय पाहतात ते सांगते. ऑइलचा काटा अगदी साधुपुरुष आहे. गाडी सुरू केली की वर, बंद केली की खाली. सकाळी थंड इंजिनावर नुसती चावी फिरवली, तर तापमानाचा काटा हळूहळू निघाला आणि अर्ध्याच्या पुढे जाऊन थांबला. हात लावून पाहिलं, इंजिन बर्फासारखं. म्हणजे भासच. डिझेलचा काटा थेट शेवटपर्यंत गेला. काठी घातली, टाकी निम्मी. दिवे लावले की दोन्ही काटे आणखी वर सरकतात. वळायचा दिवा लावला की त्याच्या उघडझापेबरोबर ते थरथरतात.

सेन्सरची हिरवी वायर काढताना आधी चुकून हॉर्नची निघाली. ती मी परत नीट जोडली, पण जोडताना हॉर्न असा काही वाजला की शेजारच्या शिवणकामवाल्या काकू कात्री घेऊनच बाहेर आल्या. मग खरी हिरवी सापडली. तिच्यावर इतकी धूळ होती की ती हिरवी आहे हे कळायला ओलं फडकं लागलं. ती काढली आणि काटा मुकाट्याने खाली पडला. परत लावली, परत वर.

बाबा खिडकीतून बघत होते. मला वाटलं काही सुचवतील. तर म्हणाले, "मामाला लिही, काट्यांना काही झालेलं नाही. ट्रकच म्हातारा झालाय. म्हाताऱ्यांना भास होतातच." आणि आत गेले. हे ते ट्रकबद्दल बोलत नव्हते, हे मला कळलं.

माझ्या पुढच्या फेरीची रोपं सध्या दुसऱ्याच्या टेम्पोतून जातायत. मालकीणबाई म्हणाल्या, "तुझी गाडी बरी झाली की सांग." किती दिवस म्हणतील?

भिंगरी


१७ फेब्रुवारी

भिंगरी,

शाबास. हॉर्नसकट शाबास. असं पत्र लिहिणारा मदतनीस मला दुकानात एक मिळाला असता, तर माझे केस इतक्यात पिकले नसते.

तू जे लिहिलंस त्यावरून सांगतो. डॅशबोर्डच्या मागे एक छोटी पत्र्याची डबी आहे. बॅटरीचा जोर ती आवरून धरते आणि काट्यांना झेपेल तेवढाच देते. पण हे काम करायला तिला परतीची वाट लागते. करंट एका वायरीने जातो आणि गाडीच्या लोखंडातून परत येतो, याला आम्ही अर्थिंग म्हणतो. ती परतीची वाट अडली की डबीला जोर आवरत नाही. मग बॅटरी सगळीच्या सगळी काट्यांच्या अंगावर येते आणि ते बिचारे वर पळतात. नळीवरच्या ऑइलच्या काट्याला यातलं काही लागत नाही, म्हणून तो साधुपुरुष.

हे खरं की खोटं ते असं बघ. एक लांब वायर घे, दोन्ही टोकं सोलून. एक टोक डबीच्या पत्र्याला घट्ट टेकव, दुसरं खाली चेसिसच्या एखाद्या स्वच्छ, उघड्या लोखंडी बोल्टला. वायर तशीच धरून कुणाला तरी चावी फिरवायला सांग. काटे आपापल्या जागी आले, तर तुझा ट्रक म्हातारा नाही, फक्त त्याची वाट अडलीय.

चावी दाजींना फिरवू दे. डाव्या हाताने फिरते.

आणि एक विचारतो, उत्तर आठवणीने दे. डबीच्या अर्थिंगची जाड काळी वायर डॅशबोर्डमागच्या मोठ्या बोल्टला आहे. ती तिथे आहे ना, तुटली तर नाही ना, एवढंच बघून सांग. बोल्ट इतक्यात खोलू नकोस.

मामा


२१ फेब्रुवारी

मामा! मामा! मामा!

काटे आले! वायर टेकवली, बाबांनी चावी फिरवली, आणि तापमानाचा काटा तळाशी मांडी घालून बसला. डिझेलचा निम्म्यावर. मी वायर काढली, दोघं वर. वायर लावली, दोघं खाली. बाबा म्हणाले, "परत काढ." मी काढली. "परत लाव." मी लावली. असं किती वेळ चाललं होतं कोण जाणे. शेवटी आईने दारातून विचारलं, "तुम्हा दोघांना खेळ मिळालाय का?"

मग बाबा स्टिअरिंगवर हात ठेवून बसून राहिले. उजवा हात त्यांनी डाव्याने उचलून वर ठेवला होता.  थोड्या वेळाने म्हणाले, "म्हातारा नाही म्हणायचा तर." आणि उतरले.

पण अजून भंगारवाल्याला नको असं कळवलेलं नाही. म्हणतात, "बाहेरून बांधलेली वायर घाटातल्या हादऱ्यांनी सुटेल आणि परत तेच. मूळ कुठे अडलंय ते कळल्याशिवाय माझी खात्री नाही." मामा, यात ते बरोबर आहेत, आणि महिना संपत आलाय.

तुझी जाड काळी वायर जागेवर आहे. तुटलेली नाही. टॉर्च घेऊन पाहिली. बोल्ट घट्ट आहे, हलत नाही. मग वाट अडली कुठे? तू म्हणालास तसा बोल्ट खोलला नाहीय. लवकर लिही.

तुझे आभार कसे मानू तेच कळत नाहीय. इतक्या लांबून, न बघता, न ऐकता तू गाडीची नाडी पकडलीस.

भिंगरी


२४ फेब्रुवारी

भिंगरी,

हे पत्र लिहायला हात जरा जड झाला, पण खरं ते सांगायला हवं. नेहमीसारखं सगळ्यांसमोर वाच.

चूक माझी आहे. त्या बोल्टखाली मी वॉशर घातला तो हलका होता. त्या वेळी चांगला मिळाला नाही, आणि मीही आळस केला. चालून जाईल म्हटलं. हलका वॉशर आतून गंजतो, वरून दिसत नाही. वायर जागेवर, बोल्ट घट्ट, तरी वाट बंद. इतकी वर्षं निभावलं हेच नशीब. पहिल्या पत्रात मोठ्या तोंडाने लिहिलं होतं की माझ्या जोडाला बोट लावावं लागत नाही. ते मागे घेतो. दाजी, माझ्या कामामुळे तुमच्या पोरीला घाटात उभं राहावं लागलं, माफ करा. ट्रकमध्ये दुसरं काही वाईट नाही. तुमच्या हाताखाली तो जसा होता तसाच आहे.

आता काम. हे तू एकटीने करायचंस. दाजींना डॅशबोर्डखाली वाकायला लावू नकोस, मानेला त्रास होईल. आधी बॅटरीची तार काढ. मग तो मोठा बोल्ट खोल. बोल्ट, वॉशर, वायरच्या टोकाची कडी आणि खालचा पत्रा, चारही जागा पॉलिश पेपरने घास. लोखंड लखलखेपर्यंत घास. जिथे धातूला धातू भिडतो तिथे मध्ये कशाचाही पातळसा थरसुद्धा नको. वॉशर नवीन घाल. घट्ट आवळून मगच वरून थोडं ग्रीस लाव. काम झालं की पॉलिश पेपर आणि खरवड टाकून दे, केबिनमध्ये ठेवू नकोस.

काटे जागेवर आले की मला एक ओळ पाठव.

मामा


२८ फेब्रुवारी

मामा,

काटे जागेवर आले. ही तुझी एक ओळ. आता माझ्या बाकीच्या ओळी वाच.

गंज नव्हता, मामा.

बोल्ट खोलला आणि टॉर्च मारला. वॉशर तांब्याचा, जाड, चांगला. त्याला गंज म्हणून कुठे नव्हता. त्याच्यावर आकाशी रंग होता. वर, खाली, कडेला, भोकाच्या आतसुद्धा. वायरच्या कडीला आकाशी रंग. बोल्टच्या आट्यांमध्ये आकाशी रंग. पत्र्यावर तर दोन हात दिलेले, गुळगुळीत. कुठे एक ओघळ नाही. डाव्या हाताने इतकं नीट काम केलंय की मला ते घासवेना. पॉलिश पेपर हातात घेऊन मी तिथेच डॅशबोर्डखाली पडून राहिले आणि रडले. मग घासलं. दुसरा इलाज नव्हता.

तुला पहिल्यापासून माहीत होतं ना? मीच लिहिलं होतं की बाबा सगळं खोलून रंगवतात, आतून-बाहेरून. रंगातून करंट जात नाही, हे मला आत्ता कळलं, तुला पहिलं पत्र वाचतानाच कळलं असणार. म्हणून बोल्ट खोलू दिला नाहीस. म्हणून बाबांना वाकायला लावू नकोस म्हणालास. आणि म्हणून स्वतःच्या कामाला स्वतःच्या हाताने नावं ठेवलीस, तीही सगळ्यांसमोर वाचायच्या पत्रात. मामा, तुझ्या वायरिंगबद्दल तू किती अभिमानी आहेस हे मला ठाऊक नाही का? आई तर म्हणते, तुला शिव्या दिल्या तर चालतात, तुझ्या जोडाला दिलेल्या चालत नाहीत.

ते पत्र मी वाचून दाखवलं तेव्हा बाबा फक्त "हं" म्हणाले. मग उठून भंगारवाल्याकडे निरोप पाठवला की येऊ नका. ट्रक राहिला, मामा. माझा ट्रक राहिला. आणि बाबांचा रंगही राहिला. त्या रंगानेच हे झालं असं त्यांना कळलं असतं, तर ते परत भिंतीकडे तोंड करून झोपले असते. मला त्याचीच जास्त भीती होती.

मी कुणाला काही सांगितलेलं नाही. पॉलिश पेपर कागदात गुंडाळून लांब टाकून आले. तूही या पत्राचं उत्तर लिहू नकोस. तुझं पत्र इथे मोठ्याने वाचलं जातं आणि मला वाचताना गाळता येत नाही, माझा आवाज लगेच बदलतो.

तुझे उपकार मी कधी फेडणार नाही. फेडायचेही नाहीत. असू देत माझ्याकडे.

तुझीच भिंगरी


५ मार्च

मेहुणेबुवा,

डाव्या हाताने लिहितोय. अक्षर तुमच्यापेक्षा बरं आहे, एवढं समाधान मला घेऊ द्या. पोर फेरीवर गेलीय, तुमची ताई बाजारात गेलीय. तेवढ्यात संपवायचं आहे.

तुमचा वॉशर तांब्याचा होता.

बोल्ट तुमच्या ताईने खोलला आणि वॉशर माझ्या हातात दिला. मी तो उन्हात धरून पाहिला होता. मनात म्हटलं, इतक्या वर्षांनी असा नवा कोरा, काम करावं तर माझ्या मेहुण्याने. आणि मग त्यावर ब्रश फिरवला, कारण कुठे रंग द्यायचा राहिला असं पोरीला वाटायला नको होतं. त्यामुळे तुमचं ते "हलका वॉशर, गंजला असेल" ऐकलं, आणि पुढचं वाक्य यायच्या आत मला सगळं कळलं. मी इतकी वर्षं ट्रक चालवलाय. रंगाखाली करंट मरतो एवढं मलाही समजतं. रंगवताना समजलं नाही. तेव्हा मला फक्त हात चालतोय एवढंच समजत होतं.

पोरीला वाटतं मला माहीत नाही. ती बोल्ट घासून आली तेव्हा तिच्या नखांत आकाशी रंग होता आणि डोळे लाल होते. म्हणाली, "फार गंज होता, बाबा." मी म्हटलं, "असणारच." तिला खोटं बोलता येत नाही, तरी माझ्यासाठी बोलली. मी तिचं खोटं मोडणार नाही. तिला समजू देऊ नका की मला समजलंय. म्हणून या पत्राला उत्तर लिहू नका. घरात पत्र मोठ्याने वाचतात, हे तुम्ही जाणता.

परवा तिच्याबरोबर घाटात जाऊन आलो. मागे रोपं होती. तिने मला शेजारी बसवलं. सुरुवातीला मी काट्यांवरून नजर हलवली नाही. दोन्ही काटे आपापल्या जागी होते. मग ती वळण कसं घेते ते बघायला लागलो. चढावर ती गिअर माझ्यापेक्षा आधी टाकते. इंजिनाला ओरडू देत नाही. वर पोचलो तेव्हा लक्षात आलं, निम्म्या घाटापासून मी काट्यांकडे पाहिलंच नव्हतं. मेहुणेबुवा, मी तो ट्रक विकायला निघालो होतो. मी पोरीला वाचवतोय असं मला वाटत होतं.

तुम्ही माझ्यासाठी तुमच्या कामाला बट्टा लावून घेतलात. तुमच्यासारख्या माणसाला ते किती महाग पडलं असेल ते मला कळतं. माझं काम माझ्या हातून गेलंय ना, म्हणून जास्तच कळतं. आभार मानतो. हे शब्द मी आयुष्यात फार वापरले नाहीत, तेव्हा नवे कोरे आहेत असं समजा.

तुमचा दाजी


१० मार्च

भिंगरी,

सगळ्यांना बसव आणि हे पत्र वाच. लहान आहे.

गेल्या काही दिवसांत माझ्यावर अशी वेळ आलीय की तुमच्या घरी लेखी उत्तर द्यायची सोयच उरली नाही. का ते विचारू नका. एकाने विचारलं की दुसऱ्यालाही विचारावंसं वाटेल. म्हणून स्वतःच येतोय. येत्या रविवारी, सकाळच्या बसने. स्टँडवर आकाशी ट्रक घेऊन या. चालवायला भिंगरी, शेजारी दाजी. मी खिडकीपाशी बसेन.

आल्यावर मला काही खाजगी सांगायचं असेल तर कृपा करून मोठ्याने सांगू नका. मला ऐकू येणार नाही आणि बाकीच्यांना येईल. ताई, तू एवढ्या दिवसांत एक ओळही लिहिली नाहीस. बोल्ट खोलणारी तू आणि गप्प बसणारीही तूच, म्हणजे तुला सगळ्यांच्या आधीपासून सगळं माहीत आहे, हे मी धरूनच चाललोय.

राहता राहिलं माझं. ऐकू येईनासं झालं म्हणून दुकान बंद केलं, तेव्हा लोक म्हणाले, आता आराम करा. मी आराम केला. आरामात माणसाला कुणी काही विचारत नाही. शेजारचा माणूस स्वतःच्या गाडीचा दिवा माझ्यासमोर बदलत असतो आणि मला विचारत नाही, कारण ओरडावं लागतं. मीही मग सांगणं सोडून दिलं. तुमचं पहिलं पत्र आलं तेव्हा मी पाकीट फोडलं, "काहीतरी सुचव" इथपर्यंत आलो आणि चष्मा काढून पुसत बसलो. राग आला म्हणून दोनदा वाचलं असं मी लिहिलं होतं. राग आला नव्हता.

तुम्ही मला आभार आभार म्हणताय. अरे, विचारलंत तुम्ही. माझे आभार तुम्हाला.

तुमचा
मामा